कागदाच्या गावाला पुस्तके हवीत

वर्तमानपत्राचा कागद आपल्या देशात प्रथम कोठे तयार झाला, हा सामान्यज्ञानाचा प्रश्न आमच्या भागातल्या चौथीच्या पोराला विचारा. तो झोपेतही उत्तर देईल : नेपानगर. १९४७ साली खासगी कंपनी म्हणून या गिरणीचा पाया पडला, १९४९ साली प्रांतिक सरकारने ती हाती घेतली, १९५५ च्या जानेवारीत कागद निघू लागला आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. पुढे १९८१ पर्यंत वर्तमानपत्री कागद काढणारी देशातली ही एकमेव गिरणी होती. सातपुड्यातली सालई आणि बांबू आत जायचे, कागदाची रिळे बाहेर पडायची आणि रेल्वेने देशभर जायची. सकाळी चहाबरोबर बातम्या वाचणाऱ्या कित्येकांच्या हातात आमच्याच डोंगरातले लाकूड असे, हे त्यांच्या गावीही नसेल.

ज्या गावाने देशाला इतकी वर्षे कागद पुरवला, त्या गावाच्या आसपासच्या खेड्यांत आज मराठी पुस्तक हवे झाले तर काय करावे लागते? बहुतेकदा भुसावळ-जळगावची गाडी पकडावी लागते, किंवा तिकडून येणाऱ्या पाहुण्याला निरोप धाडावा लागतो. पाहुणे येतात, पण पुस्तकाऐवजी मिठाई आणतात. त्यांचा दोष नाही. आपणच कधी पुस्तक मागितलेले नसते.

सीमाभागातला भाषेचा प्रश्न म्हटला की शाळा, मराठी तुकडी, शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि कार्यालयातले कागद हेच विषय निघतात. ते खरेच आहेत आणि आम्ही ते सोडलेले नाहीत. राज्यघटनेचे ३५०क कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी व स्थानिक संस्थांनी करावा, असे ते सांगते. निवेदनांत लिहून लिहून ते कलम आम्हाला तोंडपाठ झाले आहे. परंतु निवेदनाचे उत्तर येईपर्यंत पहिलीतले मूल पाचवीत जाते. मूल थांबत नाही, आणि त्याची भाषाही थांबत नाही. ती एक तर वाढते, नाही तर आटते.

म्हणून आज आम्ही अर्जाविषयी लिहिणार नाही. एका कपाटाविषयी लिहिणार आहोत. प्रवासाची, गावांची, इतिहासाची आणि रानाची मराठी पुस्तके ज्यात असावीत असे ते कपाट. कथा-कादंबऱ्यांचे आम्ही वैरी नव्हे. पण गोष्ट मुलाला दूरदर्शनवरून, मोबाइलवरून, कोणत्याही भाषेत मिळते. आपल्या घरामागच्या डोंगराचे नाव, ओढ्याकाठच्या झाडाचे नाव, वेशीबाहेरच्या पडक्या छत्रीची हकिगत आपल्या भाषेत सांगणारे दोघेच असतात : घरातले म्हातारे माणूस आणि असे पुस्तक. म्हातारे माणूस एक दिवस जाते. मग पुस्तक नसेल तर मुलाची मराठी ‘ये, बस, जेव, झोप’ एवढ्यावर येऊन ठेपते. स्वयंपाकघरापुरती उरलेली भाषा सुनेबरोबर बदलते, हे आम्ही गेल्या तीस वर्षांत घरोघर पाहिले आहे.

स्थानपोथीची परंपरा

मराठीत अशा पुस्तकांची वाण आहे असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. उलट आपली भाषा लिहायला लागली तीच मुळी फिरता फिरता. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गावोगाव हिंडले. त्यांच्या मागे त्यांच्या अनुयायांनी ‘लीळाचरित्रा’त त्यांच्या आठवणी लिहिल्या, आणि ‘स्थानपोथी’त ते कोठे उतरले, कोणत्या देवळात बसले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला होते, शेजारी काय होते, याची नोंद केली. सातशे वर्षांपूर्वीची ही मराठीतली स्थळांची वहीच म्हणायची. महानुभावांचे रिद्धपूर येथून फार लांब नाही. मेळघाट उतरून गेले की अमरावती जिल्ह्यात ते लागते. तेथेच आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. म्हणजे मराठीचे विद्यापीठ आमच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे.

छापखाने आल्यावर गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६८ साली, ना. वि. जोशी यांनी ‘पुणे शहराचे वर्णन’ काढले. रस्ते, तलाव, बाजार, देवळे, लोकांचे धंदे, सणवार असे सगळे त्यांत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडच्या प्रवासाविषयी लिहिले आणि १८८९ साली अमेरिकेची लोकस्थिती मराठीत सांगितली. बाईमाणसाने उंबरठा ओलांडणे हेच जेव्हा नवल होते, तेव्हा एका बाईने दोन खंडांची माहिती मराठी घरात आणून ठेवली.

आणि वरसईचे गोडसे भटजी! घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळवायला म्हणून विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. सातपुडा ओलांडून महूकडे येतात तो बंडाची बातमी त्यांच्यापुढे उभी राहिली. पुढे झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी १८८३ साली ही हकिगत लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापली गेली, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली पुन्हा काढली. राजा नव्हे, सरदार नव्हे. एक गरीब भिक्षुक. पण त्याने डोळे उघडे ठेवले आणि पाहिले ते आपल्या भाषेत लिहिले, म्हणून आज आपल्याला १८५७ ची झाशी आतून दिसते. आमच्या खेड्यातल्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण पुस्तक लिहायला मोठे माणूस असावे लागते असा त्यांचा समज असतो.

इतिहास दाराशी, पुस्तक नाही घरी

आता आपल्या दाराशी या. नेपानगरहून बऱ्हाणपूर तासाभराच्या आत येते. फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले हे खानदेशाच्या राजधानीचे शहर. जवळचा असीरगड म्हणजे दक्षिणेचे दार. १६०१ साली तो अकबराला मिळाला तेव्हा दक्षिणेची वाट मोकळी झाली. मुमताजमहल १६३१ साली बऱ्हाणपुरात वारली आणि तिला प्रथम तापीपलीकडे जैनाबादेत पुरले होते, हे पर्यटनाच्या फलकांमुळे सर्वांना माहीत झाले आहे.

पण महाराष्ट्रातल्या चौथीच्या इतिहासातून घराघरात पोहोचलेले मिर्झाराजे जयसिंग, ज्यांच्याशी शिवाजीमहाराजांनी १६६५ साली पुरंदरचा तह केला, ते १६६७ च्या ऑगस्टमध्ये याच बऱ्हाणपुरात मरण पावले, हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे? त्यांची छत्री तापीकाठी उभी आहे. पुण्याचे मूल मिर्झाराजांचा धडा वाचते, पण छत्री त्याने पाहिलेली नसते. आमचे मूल छत्रीच्या सावलीत गोट्या खेळते, पण धडा त्याने वाचलेला नसतो. हे दोन तुकडे जोडणारे काही असेल तर ते पुस्तकच.

असे तुकडे आणखी आहेत. संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी, १६८१ च्या जानेवारीअखेर, हंबीरराव मोहित्यांची फौज बऱ्हाणपुरावर आली. पहिल्या बाजीरावांनी १७४० च्या एप्रिलमध्ये देह ठेवला तो नर्मदाकाठी रावेरखेडीला, म्हणजे आमच्या निमाडातच. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून असीरगड व बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंची फौज याच वाटेने उत्तरेला पानिपताकडे गेली. १८०३ साली इंग्रजांनी असीरगड शिंद्यांकडून घेतला, नंतर परत दिला, आणि १८१९ साली किल्लेदार जसवंतराव लाड यांच्याशी लढून कायमचा घेतला. त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ किंवा रियासतकार सरदेसायांची ‘मराठी रियासत’ उघडून बसा. आमच्या स्टेशनांची नावे पानोपानी भेटतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती नुसती नावे आहेत. आम्हाला ती बसची थांब्याची नावे आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. इतिहास म्हणजे केवळ आमची फौज आली आणि त्यांची पळाली एवढाच नव्हे. त्याने पोरांच्या मुठी वळतात, ज्ञान वाढत नाही. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. तो का, याचा विचार मुलाने करावा. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपत तापीकडे जाणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून अडवून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले. त्याला आपण कुंडी भंडारा म्हणतो. भुयाराच्या वर ओळीने शंभरावर कुंड्या आहेत. विजेचा पंप नाही, इंजिन नाही, आणि चारशे वर्षांनीही त्यात पाणी आहे. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले. केळीच्या बागेसाठी दरवर्षी बोअर खोल खोल नेणाऱ्या आमच्या शेतकऱ्याने हे प्रकरण मराठीत वाचावे, असे आम्हाला फार वाटते. लढाईपेक्षा त्यात त्याच्या कामाचे अधिक आहे.

त्यांनी लिहिले, आपण?

या वाटेवरून जाणाऱ्या परक्यांनी आपल्याविषयी लिहून ठेवले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात शहजादा परवीझला भेटला आणि ते सारे त्याने रोजनिशीत टिपले. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या दुष्काळात सुरतेहून आग्र्याला निघाला तो येथून गेला. रस्त्यावर भुकेने पडलेल्या माणसांची त्याची वर्णने वाचवत नाहीत. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या येथल्या तलम कापडाविषयी लिहून गेला.

याहून मौज ज्यूल व्हर्नची. मुंबईहून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग १८७० साली पुरा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी या फ्रेंच कादंबरीकाराने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या इंग्रजाची गोष्ट लिहिली. त्या इंग्रजाची गाडी दुपारी साडेबाराला बऱ्हाणपुरास थांबते आणि त्याचा नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांनी सजवलेल्या सपाता विकत घेतो! व्हर्नने हिंदुस्थानात पाऊलही टाकले नव्हते. पुस्तके आणि नकाशे समोर ठेवून त्याने हे लिहिले. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या, हे त्यांचे मोठे उपकार. बऱ्हाणपूर स्टेशनचा हा किस्सा आम्ही वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरचा, कधी न बोलणारा मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, मग त्यात नेपानगर आहे का?” नाही. व्हर्नच्या वेळी नेपानगर नव्हतेच. ते पुढे लिहायचे काम त्या मुलाचे आहे, आणि तसे आम्ही त्याला सांगितले.

मुंबईला आपले वर्णन १८६३ साली मिळाले, पुण्याला १८६८ साली. नेपानगर, चांदणी, असीर, खकनार, तुकईथड, डोईफोडिया यांचे मराठी वर्णन कोण लिहिणार? डोईफोडिया या नावामागे काय गोष्ट आहे, हे सांगणारी मंडळी आज ऐंशीच्या घरात आहेत.

रानाची भाषा

नेपानगर जंगलाच्या कुशीत वसले आहे. साग, सालई, अंजन, धावडा, मोह, तेंदू आणि पळस. गिरणी येथे आली तीच सालईसाठी. पण आज कॉलनीत वाढलेल्या मुलाला सालईचे झाड दाखवा म्हटले तर तो मोबाइल काढतो. २०२२-२३ मध्ये नेपानगर परिसरातल्या जंगलतोडीच्या बातम्या सगळीकडे आल्या. झाड तुटते तेव्हा बातमी होते. झाडाचे नाव तुटते तेव्हा होत नाही.

निसर्गाविषयी मराठीत लिहिणाऱ्यांत आमच्या भागाचा वाटा आहे, हेही सांगितले पाहिजे. दुर्गाबाई भागवत १९१० साली इंदुरात जन्मल्या. मध्य प्रदेशच्या आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडत असताना रानटी सुरणाची बाधा होऊन त्या कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या. त्या बाईंनी नंतर ‘ऋतुचक्र’ लिहिले. १९५६ साली आलेल्या या पुस्तकात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक महिन्याचे झाड-फूल-आभाळ आहे. शहरातल्या वाचकाला ते काव्य वाटते. आमच्या खेड्यातल्या माणसाला ते शेजाऱ्याच्या बांधावरचे वर्णन वाटते.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. मेळघाटसह महाराष्ट्रातल्या जंगलांत त्यांची नोकरी गेली. आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडची पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे त्यांनी वेचली आणि मराठीत आणली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ ही त्यांची पुस्तके, आणि पक्ष्यांची निरनिराळ्या भाषांतली नावे देणारा ‘पक्षिकोश’. ते २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या जूनमध्ये गेले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ही असेच. जंगलात राहून, रोज पाहून लिहिलेले. यांतले एकेक पान सकाळी वर्गात वाचून दाखवावे आणि दुपारी मुलांना बाहेर न्यावे. तांबट, दयाळ, खंड्या, सातभाई, भारद्वाज ही नावे मग पाठ करावी लागत नाहीत.

एक उदाहरण देतो. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर कोणा अभ्यासकाला दिसले नव्हते. ते नामशेष झाले असे सर्वांनी धरले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांना ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसले. एकशे तेरा वर्षांनी! पुढे ते मेळघाटात आणि खंडवा जिल्ह्यातल्या कालीभीतच्या जंगलातही आढळले. म्हणजे जगाने ज्याला मेलेले मानले होते तो पक्षी आमच्याच सातपुड्यात बसला होता. भाषेचेही असेच असते. कोणी नीट पाहायला गेले तर ती सापडते.

आणि शेजाऱ्यांविषयी. या डोंगरात कोरकू राहतात. त्यांची भाषा मुंडा कुळातली, आपल्या मराठीशी तिचे नाते नाही. मराठीसाठी पुस्तके मागताना, कोरकू मुलाच्या कपाटात आपल्याहूनही कमी पुस्तके आहेत, हे आम्ही विसरत नाही. झाडाचे मराठी नाव लिहिताना शेजारी कोरकू नावही लिहावे, निमाडीही लिहावे. आपल्या भाषेचा मान मागणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेला आधी बसायला पाट द्यावा.

लिपी आपल्या बाजूची

पालक विचारतात, “आमची मुले हिंदी माध्यमात. त्यांना मराठी पुस्तक कसे वाचता येणार?” या बाबतीत आमच्या सीमेवर देवाची कृपा आहे. बेळगावकडच्या मुलाला दुसरी लिपी शिकावी लागते. आमच्या मुलाला देवनागरी येतेच. अडते ते थोडक्यात. एक ‘ळ’. हिंदीत पोर ‘काला’ म्हणते, त्याला ‘काळा’ म्हणायला लावा. केळी, तळे, सावळा, आवळा असे आठ दिवस घोकले की जीभ वळते. दुसरे म्हणजे सारखे दिसणारे पण अर्थ बदलणारे शब्द. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. असे पन्नास शब्द एका वहीत लिहून घेतले की मूल हसत हसत शिकते. आमचा अनुभव असा की हिंदी माध्यमातले पाचवी-सहावीचे मूल रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचू लागले, तर एका सत्रात मराठी पुस्तक स्वतः उचलते. त्यातही प्रवासाचे आणि प्राण्यांचे पुस्तक आधी उचलते, कारण पुढे काय दिसले, याची त्याला ओढ असते.

रद्दीच्या गाडीआधी

नेपा मिलमधले उत्पादन २०१६ साली बंद पडले. कामगारांची घरे चिंतेत गेली, कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. नूतनीकरणानंतर २०२२ च्या ऑगस्टमध्ये गिरणी पुन्हा सुरू झाली, याचा सर्वांना आनंद झाला. आता तेथे सालई-बांबू नव्हे, तर जुन्या कागदाचा लगदा वापरतात. जंगलाच्या दृष्टीने हे चांगलेच.

पण आमच्या मनात एक वेगळाच विचार येतो. निवृत्त झालेला माणूस क्वार्टर सोडतो, मुले पुण्याला किंवा सुरतेला असतात, सामान आवरायला दोन दिवस मिळतात. भांडी जातात, कपाट जाते. आजोबांनी पै पै साठवून घेतलेली, पिवळी पडलेली मराठी पुस्तके पोत्यात भरून रद्दीवाल्याला जातात. त्या पोत्यात ‘माझा प्रवास’ असतो, ‘अपूर्वाई’ असते, गो. नी. दांडेकरांची नर्मदा परिक्रमेवरची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ असते. रद्दी फिरत फिरत शेवटी लगद्यात जाते. ज्या गावाने पुस्तकासाठी कागद केला, त्या गावाने पुस्तकाचा पुन्हा कागद करावा, यासारखे दुर्दैव नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाळवीच्या आणि वाण्याच्या तोंडातून जुनी दप्तरे सोडवीत. ते १९२६ साली धुळ्यास गेले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात ती दप्तरे सांभाळून आहे. आपल्याला दप्तरे सोडवायची नाहीत. शेजाऱ्याच्या दारातले एक पोते सोडवायचे आहे.

एका सार्वजनिक वाचनालयात मराठीचे कपाट होते. किल्ली एकाकडे, तो बदलून गेला, आणि कपाट वर्षभर उघडले नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की कपाटाला कुलूप नको. कोणाच्या ओसरीवर, देवळाच्या पडवीत, शाळेच्या व्हरांड्यात एक फळी ठोका. महाबळेश्वरजवळचे भिलार हे २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचे गाव झाले. तेथे लोकांच्या घरांतच पुस्तके मांडली आहेत. एका घरी इतिहास, एका घरी दुसरे काही. तेथे सरकार पाठीशी होते. आपल्याकडे नसेल. पण ओसरी तर आपली आहे?

आमच्या समितीने ठरवले आहे ते असे. पहिले, घर आवरणाऱ्यांनी मराठी पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी शाळेत किंवा समितीच्या कोणाही कार्यकर्त्याकडे निरोप द्यावा. पोते आम्ही उचलून नेऊ. दुसरे, प्रत्येक गावी वीस पुस्तकांची एक फळी : पाच प्रवासाची, पाच इतिहासाची, पाच रानाची आणि पाच चरित्रे. तीन महिन्यांनी या गावची फळी त्या गावी. तिसरे, फळीशेजारी निमाड-खानदेशचा एक मोठा नकाशा. पुस्तकात आपल्या भागातले नाव आले की मुलाने तेथे खूण करायची. चौथे, ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी मराठी विश्वकोश उघडावा. तो आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. मुलाने गावाचे, नदीचे, झाडाचे नाव त्यात शोधावे. मोबाइल हातातून काढून घेण्यापेक्षा त्यात हे उघडून देणे सोपे.

आणि पाचवे, जे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या उन्हाळ्याच्या सुट्टीत सीमेवरच्या प्रत्येक गावातल्या दोन-तीन मुलांनी एक शंभर पानी वही घ्यावी आणि आपल्या गावाचे वर्णन लिहावे. गावाचे नाव कसे पडले. विहिरी किती, कोणी बांधल्या, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते. नदी-ओढ्याचे नाव काय. पूर्वी कोणती झाडे होती, आता कोणती उरली. पहिले घर कोणाचे, ते लोक कोठून आले. यात्रा कधी. गिरणीत कोण कोण कामाला होते आणि नेमके काय करीत. म्हाताऱ्यांच्या तोंडचा शब्द जसा आला तसा लिहावा, पुस्तकी करू नये. खानदेशी असो, निमाडी वळणाची असो, ती आपली मराठी आहे. शुद्धलेखनाचे गुण कापायला आम्ही बसलेलो नाही. वह्या शाळा उघडल्यावर गोळा करू आणि एकत्र बांधून ठेवू.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन हजार वर्षांचे पुरावे मांडले गेले, पेढे वाटले गेले, आम्हीही वाटले. अभिजात भाषा म्हणजे जिचे जुने ग्रंथ मोठे, हे खरे. पण ती जिवंत राहते ती नवे लिहिले जाते म्हणून. दिल्लीच्या त्या कागदावर आमच्या गावांचा उल्लेख असण्याचे कारण नाही. मुलांच्या वह्यांत मात्र तो असेल. त्या वह्यांची वाट आम्ही जून महिन्यात पाहू. वही ज्याच्या घरी नाही त्याने शाळेतून न्यावी. कागदाची टंचाई निदान आमच्या गावात तरी पडू नये.